पावती छापण्याची परवानगी : जुन्या बिलिंग प्रणालीविषयी थोडेसे

संस्थेच्या यंदाच्या जमाखर्चात ‘जुन्या बिलिंग प्रणालीतील नोंदींचे स्थलांतर’ असे एक नवे शीर्षक सन्माननीय सभासदांच्या व देणगीदारांच्या दृष्टीस पडेल. रक्कम फार मोठी नाही. परंतु शीर्षक अपरिचित असल्याने विश्वस्त मंडळाच्या सभेत आणि पुढे हिशेबतपासणीच्या वेळीही त्याविषयी विचारणा झाली. रुग्णालयाचा पैसा हा लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा आहे आणि तो कशावर खर्च झाला हे समजेल अशा भाषेत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. विषय वरकरणी संगणकतज्ज्ञांचा वाटेल. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी प्रत्येक हिशेबनिसाला ठाऊक असलेला एक जुनाच प्रश्न आहे : एखाद्या कामासाठी अधिकार द्यायचा तर तो किती द्यायचा?

रुग्णालयात छापील कागदाचे महत्त्व किती, हे रोखपालाच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावाचून कळत नाही. डॉक्टरांनी रुग्णास घरी जाण्याची परवानगी दिली, नातेवाइकांनी सामान बांधले, रिक्षा दाराशी आली. पण बिल हातात पडल्याखेरीज विमा कंपनीकडे जाता येत नाही, कार्यालयातून प्रतिपूर्ती मिळत नाही आणि मुख्यमंत्री निधीकडे किंवा अन्य दानशूर संस्थांकडे अर्जही करता येत नाही. धर्मादाय रुग्णालयाची जबाबदारी तर याहून अधिक. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली निश्चित केलेल्या योजनेनुसार आमच्यासारख्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. या सर्वाचा पुरावा म्हणजे बिल. शिवाय वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ सालच्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याची वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. अशा मागणीसोबत बहुतेक वेळा जुन्या बिलाची प्रतही मागितली जाते.

आमच्या बिलिंग विभागाचे संगणकीकरण २००३ साली झाले. त्या वेळी स्वीकारलेली प्रणाली ब्राउझरमधून, म्हणजे ज्यास मराठीत न्याहाळक म्हणतात त्यातून, चालत असे. सर्व नोंदी एका मुख्य संगणकावर असत आणि रोखपाल, प्रयोगशाळा, औषधालय व दाखल विभाग आपापल्या संगणकावरून त्या पाहत. पावती दाखवणारा व छापणारा भाग ‘अ‍ॅपलेट’ या स्वरूपाचा होता.

अ‍ॅपलेट म्हणजे काय हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आता ही वस्तू व्यवहारातून नाहीशी झाली आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जावा ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. त्या भाषेत लिहिलेली छोटी आज्ञावली संकेतस्थळाच्या पानाबरोबर आपल्या संगणकावर उतरे आणि ब्राउझरच्या आतच चालू लागे. तिला अ‍ॅपलेट म्हणत. प्रत्येक खिडकीवरील संगणकात सॉफ्टवेअर वेगळे बसवण्याची गरज नसे. मुख्य संगणकावर एकदा बदल केला की तो सर्वत्र लागू होई. संगणकतज्ज्ञ पदरी नसलेल्या संस्थेस ही मोठीच सोय होती.

सोयीबरोबर धोकाही आला. परक्या ठिकाणाहून आलेली आज्ञावली आपल्या यंत्रावर चालवणे म्हणजे अनोळखी इसमास पेढीत बसू देण्यासारखे आहे. जावाच्या रचनाकारांनी यावर जो उपाय योजला त्यास ‘सँडबॉक्स’ असे नाव आहे. बालवाडीच्या अंगणात वाळूचा हौद असतो. मुलांनी त्यात वाटेल ते करावे, पण हौदाबाहेर वाळू टाकू नये, तसाच हा प्रकार. हौदातील अ‍ॅपलेटला आपल्या संगणकावरील धारिका वाचता येत नसत, त्यात लिहिता येत नसे, आणि ज्या मुख्य संगणकावरून ते आले त्याखेरीज अन्य कोणाशी संपर्क साधता येत नसे. १९९७ सालच्या १.१ या आवृत्तीत जावामध्ये छपाईची सोय आली; परंतु मुद्रकाकडे काम पाठवण्याचा अधिकारही हौदाबाहेरचाच ठरवण्यात आला.

छपाईसारख्या निरुपद्रवी कामावर बंदी का, असे आमच्या रोखपालांनीही तेव्हा विचारले होते. मुद्रक हा संस्थेचा शिक्कामोर्तब करणारा हात आहे. संस्थेचे नाव छापलेल्या कागदावर, संस्थेच्या यंत्रातून जे उमटते त्यावर लोक विश्वास ठेवतात. कोणत्याही संकेतस्थळावरील अ‍ॅपलेटला तो हात वापरता आला तर ते गोपनीय मजकूर नको त्या ठिकाणच्या मुद्रकावर काढू शकेल, अथवा दुसरे काही न करता नुसता कागद संपवील. रात्रपाळीत एकच मुद्रक असलेल्या आपत्कालीन विभागात कागद संपणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

ब्राउझरच्या स्वतःच्या छपाईच्या आज्ञेने हे काम भागत नसे. पानाच्या तळाशी संकेतस्थळाचा पत्ता आणि दिनांक उमटे, आणि अगोदर छापून घेतलेल्या सलग कागदावरील रकाने व रकमा जुळत नसत. क्रमांक टाकलेल्या पावतीवर रक्कम एक ओळ खाली सरकली की ती पावती रद्द करून हिशेबात दाखवावी लागते. म्हणून छपाई अ‍ॅपलेटनेच करावयाची आणि त्यासाठी ब्राउझरच्या सुरक्षाविषयक मांडणीत बदल करावयाचा, हे क्रमप्राप्त झाले.

परवानगी कशी दिली जाई

२००३ साली आमच्या सर्व संगणकांवर मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर होता. त्याच्या ४.० या १९९७ सालच्या आवृत्तीपासून संकेतस्थळांची चार विभागांत वाटणी झालेली होती : बाहेरचे इंटरनेट, संस्थेअंतर्गत जाळे, विश्वसनीय संकेतस्थळे आणि निर्बंधित संकेतस्थळे. प्रत्येक विभागास सुरक्षेची स्वतंत्र पातळी देता येई. ‘टूल्स’ या सूचीतून ‘इंटरनेट ऑप्शन्स’, त्यात ‘सिक्युरिटी’, तेथे विभाग निवडून ‘कस्टम लेव्हल’, आणि त्या लांबलचक यादीत ‘मायक्रोसॉफ्ट व्हीएम’ या मथळ्याखाली ‘जावा परमिशन्स’ असे. येथे उच्च, मध्यम व निम्न सुरक्षा असे तयार पर्याय होते, आणि ‘कस्टम’ हा पर्याय निवडला तरच खाली ‘जावा कस्टम सेटिंग्ज’ हे बटण उमटे. ते दाबून परवानग्या बदलण्याच्या पानावर गेले की स्वाक्षरी नसलेल्या अ‍ॅपलेटसाठी एकेक परवानगी वेगवेगळी दिसे : सर्व धारिका, सर्व जाळे, अन्य आज्ञावली चालवणे, आणि त्यांतच ‘प्रिंटिंग’. तेवढी एक ओळ चालू करावयाची, बाकी सर्व बंद ठेवावयाच्या, आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावयाचा.

प्रणाली पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या तंत्रज्ञाने याहून सोपा मार्ग सुचवला होता. इंटरनेट या विभागाचीच जावा सुरक्षा निम्न करावी, म्हणजे सर्वत्र छपाई सुरू होईल आणि वारंवार फोन करावा लागणार नाही, असे त्याचे म्हणणे. काम खरोखरच दोन मिनिटांत झाले असते. परंतु याचा अर्थ असा की रात्रपाळीचा लिपिक रेल्वेचे वेळापत्रक पाहण्यास ज्या कोणत्या संकेतस्थळावर जाईल, त्या प्रत्येकास आमच्या संगणकावर मोकळे रान मिळावे. रोखपालास दोन हजार रुपयांपर्यंतच्या किरकोळ खर्चाचा अधिकार देणे निराळे आणि कोरे धनादेश सह्या करून टेबलावर ठेवणे निराळे. आम्ही पहिला मार्ग स्वीकारला. त्यास प्रत्येक संगणकामागे वेळ लागला हे खरे.

या कामात एक गंमत लक्षात आली, जी त्या काळी अनेक कार्यालयांना छळत असे. मुख्य संगणक आमच्याच इमारतीत, तळघरातील खोलीत होता. तरीही अंतर्गत जाळ्याच्या विभागात दिलेली परवानगी लागू होईना. कारण त्याचा पत्ता आकड्यांचा होता, आणि पत्त्यात टिंबे दिसली की इंटरनेट एक्स्प्लोरर तो बाहेरचा समजत असे. बिनटिंबाचे साधे नाव दिले, अथवा तो पत्ता विभागाच्या यादीत स्वतःहून नोंदवला, की काम होई. दुसरी अडचण माणसांची. ही मांडणी संगणकाची नसून त्यावर प्रवेश केलेल्या व्यक्तीच्या नावाची असे. दिवसपाळीच्या रोखपालाच्या नावाने छपाई होई आणि रात्री दुसरे नाव घालताच बटण मुके. रात्री साडेदहा वाजता बिल छापले जात नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजून मुद्रक उलगडून ठेवल्याचे प्रकार त्या काळात घडले आहेत. मुद्रक मात्र ठणठणीत असे.

पुढे सन व मायक्रोसॉफ्ट यांच्यात जावावरून १९९७ पासून चाललेल्या न्यायालयीन वादाचा परिणाम म्हणून मायक्रोसॉफ्टने आपली जावा यंत्रणा मागे घेतली आणि २००७ च्या अखेरीस तिचा आधार संपला. आम्ही सनच्या ‘जावा प्लग-इन’कडे वळलो. येथे परवानगीची नोंद ब्राउझरमध्ये नव्हे, तर ‘जावा पॉलिसी’ नावाच्या एका साध्या मजकूर-धारिकेत करावयाची असे. हिशेबाच्या माणसास ही रचना अधिक भावली, कारण ती मुखत्यारपत्रासारखी वाचता येते. ‘ग्रँट’ या शब्दाने नोंद सुरू होते. पुढे ‘कोडबेस’ म्हणजे अ‍ॅपलेट कोठून आलेले असावे तो पत्ता. आणि महिरपी कंसात दिलेली परवानगी. छपाईच्या परवानगीचे नाव ‘क्यू प्रिंट जॉब’.

मुखत्यारपत्रात जो नाव लिहावयास विसरतो तो गोत्यात येतो. येथेही तसेच. कोडबेस लिहिला नाही तर ती परवानगी जगातील प्रत्येक अ‍ॅपलेटला लागू होते. पत्त्याच्या शेवटी तारांकन असेल तर त्या एका कप्प्यातील आज्ञावलींना, आणि आडवी रेघ असेल तर त्याखालील सर्व उपकप्प्यांनाही ती मिळते. एका चिन्हाने अधिकाराची हद्द बदलते. शिवाय ‘ऑल परमिशन’ असे दोन शब्द लिहिले की सर्व प्रश्न मिटतात. पण ते कुलमुखत्यारपत्र झाले. पावती छापण्यासाठी कुणी घर गहाण टाकण्याचा अधिकार देत नाही.

याच काळात स्वाक्षरीयुक्त अ‍ॅपलेटचा पर्यायही होता. निर्मात्याने डिजिटल प्रमाणपत्राने स्वाक्षरी केलेली असेल तर पडद्यावर एक चौकट येई, त्यात निर्मात्याचे नाव दिसे आणि विश्वास ठेवावयाचा का असे विचारले जाई. हे दिसावयास भारदस्त असले तरी त्यातील मेख अशी की, एकदा ‘होय’ म्हटले की प्लग-इनमधील त्या अ‍ॅपलेटला सामान्यतः केवळ छपाईचा नव्हे, तर हौदाबाहेरचा सर्व अधिकार मिळे. स्वाक्षरी कोणाची हे प्रमाणपत्र सांगते. तो काय करील हे सांगत नाही. आम्ही म्हणूनच धारिकेतील मर्यादित नोंदीवर भिस्त ठेवली. तिचा त्रास एवढाच की, जावाची नवी आवृत्ती नव्या कप्प्यात बसे आणि आपली नोंद जुन्या कप्प्यात राहून जाई. मग अ‍ॅपलेट छपाई करू इच्छिते, चालेल का, अशी विचारणा पडद्यावर पुन्हा उमटू लागे. खिडकीपुढे रांग असताना अशी विचारणा न वाचताच ‘होय’ केली जाते, हे कोणीही रोखपाल सांगेल. नोंद वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यात ठेवल्यावर हा प्रश्न सुटला.

व्यवस्था बंद कशी पडली

२०१० साली सन ही कंपनी ओरॅकलने घेतली. त्यानंतरची काही वर्षे ब्राउझरमधील जावासाठी वाईट गेली. २०१२ साली जावातील एका त्रुटीवाटे ‘फ्लॅशबॅक’ या घातक आज्ञावलीने लक्षावधी मॅक संगणकांत प्रवेश केला. जानेवारी २०१३ मध्ये आणखी एक गंभीर त्रुटी उघडकीस आली तेव्हा अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने ब्राउझरमधील जावा बंदच ठेवावी असा जाहीर सल्ला दिला. वाळूच्या हौदाच्या भिंतीलाच भगदाड पडल्यावर आपण दिलेल्या मोजक्या परवानगीला अर्थ उरत नाही, हे आम्हासही तेव्हा पटले. ओरॅकलने सुरक्षेची मूळ पातळी उच्च केली आणि जानेवारी २०१४ पासून रीतसर स्वाक्षरी नसलेली अ‍ॅपलेट्स अडवण्यास सुरुवात केली. अपवादात्मक संकेतस्थळांची यादी करण्याची सोय मात्र ठेवली. आमचा मुख्य संगणक त्या यादीत घालून काम चालू राहिले, पण दिवस मोजकेच आहेत हे स्पष्ट होते.

क्रोम या ब्राउझरने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये अशा प्लग-इनचा आधार काढून घेतला. सप्टेंबर २०१८ मधील जावा ११ मध्ये ब्राउझरचा भागच वगळण्यात आला आणि १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त झाला. आमच्या लेखा विभागास हा बदल दुहेरी जाणवला. कारण डिजिटल स्वाक्षरीने विवरणपत्रे भरण्याची अनेक सरकारी संकेतस्थळेही याच अ‍ॅपलेटवर चालत होती आणि तीही एकेक करून संगणकावर बसवावयाच्या स्वतंत्र साधनांकडे वळली.

रुग्णालयाने २०१६ साली नवीन बिलिंग प्रणाली स्वीकारली. तीत पावती पीडीएफ स्वरूपात तयार होते आणि ब्राउझरच्या नेहमीच्या चौकटीतून छापली जाते. परंतु २००३ ते २०१६ या काळातील बिले जुन्या प्रणालीतच राहिली. ती पाहण्यासाठी व छापण्यासाठी एक जुना संगणक, जुना ब्राउझर व जुन्या जावासह, राखून ठेवण्यात आला होता. तो इंटरनेटला जोडलेला नव्हता, रुग्णालयाच्या अन्य जाळ्यासही नव्हता. जुना मुख्य संगणक व एक मुद्रक यांच्याशीच त्याची जोडणी होती. यात बचत होती, पण यंत्र म्हातारे होत चालले होते. त्याचा सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला तेव्हा आम्ही स्थलांतराचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला.

तो संगणक नव्या जाळ्यास जोडून, जुन्या परवानग्या तशाच ठेवून काम भागवावे, अशी एक सूचना आली होती व ती खर्च वाचवण्याच्या सद्हेतूनेच आली होती. ती का स्वीकारली गेली नाही हे येथे नमूद केले पाहिजे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांचे काम ठप्प केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि नोंदणी, बिले व तपासण्यांचे अहवाल कित्येक दिवस हाताने लिहावे लागले. या घटनांचा अ‍ॅपलेटशी संबंध नाही. परंतु रुग्णालय हे अशा हल्लेखोरांचे आवडते लक्ष्य आहे आणि सुरक्षा-दुरुस्त्या बंद झालेले एक यंत्र संपूर्ण जाळ्याचे दार उघडू शकते, एवढे त्यांवरून दिसते. छपाई निरुपद्रवी असते हा समजही २०२१ साली दूर झाला : ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ओळखली गेलेली त्रुटी विंडोजच्या छपाई-सेवेतच होती आणि तीमुळे परक्यास संगणकाचा ताबा घेता येत असे.

नव्या प्रणालीतही जुना प्रश्न वेगळ्या वेषात उभा आहेच. आजचे ब्राउझर कोणत्याही पानास परस्पर छापू देत नाहीत. छपाईची चौकट येते आणि माणसाने बटण दाबावे लागते. नमुन्यांच्या नळ्यांवर चिकटवावयाच्या बारकोड चिठ्ठ्या दिवसभर छापणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेस ही चौकट नकोशी वाटते, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. क्रोम सुरू करतानाच त्यास विशिष्ट सूचना देऊन चौकट टाळता येते. फायरफॉक्समध्येही तशी सोय आहे. मात्र ही सूट त्या ब्राउझरमधील प्रत्येक पानास मिळते, एका पत्त्यापुरती नव्हे. म्हणून प्रयोगशाळेच्या एका संगणकावर असा ब्राउझर स्वतंत्रपणे ठेवला असून त्यातून चिठ्ठ्यांच्या पानाखेरीज अन्य काहीही उघडता येणार नाही अशी योजना केली आहे. मुद्रकही चिठ्ठ्यांचाच जोडलेला आहे.

स्थलांतराचे काम अहवाल वर्षात पूर्ण झाले. जुन्या प्रणालीतील प्रत्येक बिल त्याच अ‍ॅपलेटच्या साहाय्याने, परंतु मुद्रकाऐवजी पीडीएफ धारिकेत उतरवण्यात आले आणि प्रत्येक महिन्याची बेरीज त्या त्या वर्षाच्या लेखापरीक्षित खतावणीशी ताडून पाहण्यात आली. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांची बिले वेगळ्या सूचीत ठेवली आहेत, कारण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून त्यांविषयी विचारणा होण्याचा संभव असतो. जुन्या संगणकातील तबकडी काढून नष्ट केल्याचा पंचनामा कार्यालयात उपलब्ध आहे.

२००३ ते २०१६ या काळातील बिलाची किंवा देणगीच्या पावतीची दुय्यम प्रत हवी असल्यास संबंधितांनी रुग्णाचा नोंदणी क्रमांक अथवा पावती क्रमांक व ओळखपत्र घेऊन लेखा विभागात कामकाजाच्या वेळेत यावे. प्रत त्याच दिवशी दिली जाते आणि त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. क्रमांक हाती नसल्यास दाखल झाल्याचा महिना व वर्ष सांगितले तरी शोध घेता येतो. तेवढ्यासाठी दोन दिवसांचा अवधी द्यावा, ही विनंती.